खडूच्या ओळीखाली एलईडी

दिवस पहिला : नागपूर – सेवाग्राम – कळंब

पहाटे साडेपाचला निघालो. जानेवारीचा तिसरा आठवडा. वर्धा रोडवर धुकं इतकं दाट की बुटीबोरी मागं पडेपर्यंत गाडीनं वेग धरलाच नाही. मागच्या सीटवर दोन पत्र्याच्या पेट्या होत्या. एकीत आर्डुइनोचे, म्हणजे प्रोग्राम टाकून चालवायच्या छोट्या संगणकाचे, दहा बोर्ड, एलईडी, वीज अडवणाऱ्या रेझिस्टरच्या पट्ट्या, जंपर वायरींचे जुडगे, गिअर असलेल्या छोट्या पिवळ्या बीओ मोटरी, अंतर मोजायचे अल्ट्रासॉनिक सेन्सर. दुसरीत चार जुने लॅपटॉप, एक्स्टेन्शन बोर्ड, पकड, टेप. लॅपटॉप सोडले तर सगळी खरेदी सीताबर्डीची, आणि बिल आम्ही आठ-दहा जणांनी वाटून घेतलेलं.

मी नागपुरात पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. सोबत माझा जुना विद्यार्थी आहे. आता तो हिंगण्याच्या एमआयडीसीत पॅनल वायरिंग करतो आणि या कामासाठी वर्षातून आठवडाभराची रजा राखून ठेवतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही कळंब तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेला अशीच एक पेटी दिली होती. तिथं काय चाललंय ते डोळ्यांनी पाहायचं, तीन दिवस मुलांबरोबर बसायचं आणि मग मेळघाटात एका नव्या शाळेला पेटी द्यायची, असा बेत.

वाटेत सेवाग्रामला थांबलोच. मी वर्धा जिल्ह्यातली, त्यामुळे बापू कुटी कितीदा पाहिली ते मोजलेलं नाही. पण यावेळी मनात गांधीजींची नई तालीम होती. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि मुलानं आधी हातानं काहीतरी करावं, अक्षर आणि गणित त्या कामातूनच शिकावं, हा विचार अभ्यासक्रमाच्या रूपात कागदावर आला. त्या विचारात यंत्राचा राग होता असं पुष्कळांना वाटतं. मला तसं वाटत नाही. १९२९ साली सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर झालं होतं. चरखा झोपडीत हातापायानं चालावा आणि किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी, या त्यातल्या अटी. माझ्या मते ही इंजिनिअरला घातलेली फार नेमकी अट आहे. पेटीत काय घ्यायचं हे ठरवताना मी ती डोळ्यांपुढे ठेवते.

तिथल्या एका मावशींनी माझ्या हातात टकळी दिली. माझं सूत तीनदा तुटलं. मी ओशाळून थांबले, तर त्या म्हणाल्या, "तुटू दे. सांध अन् पुढं चाल."

देवळीवरून कळंबला पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. शाळा तिथून आणखी आत. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, शेवटचा वेचा चाललेला, बायांच्या कमरेला ओट्या. शाळा सातवीपर्यंत, पाच खोल्या, भिंतींवर पाढे आणि विदर्भाचा नकाशा. मुख्याध्यापक सर सज्जन माणूस. चहा झाला. मग त्यांनी किल्ल्यांचा जुडगा काढून लोखंडी कपाट उघडलं.

आमची पेटी खालच्या फळीवर होती. मीच लावलेली खाकी टेप जशीच्या तशी, टेपवर माझंच अक्षर. दोन वर्षांत ती कुणी उघडलीही नव्हती.

मी काही बोलले नाही. सरांनीच सांगितलं. "मॅडम, खोटं नाई सांगत. हे सगळं डेडस्टॉकले चढलं आहे. उद्या ऑडिटले एक मोटर कमी भरली तर मी काय दाखवू? निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवा, वर्षभर वाट पाहा. मले दोन वर्षं राह्यली रिटायरले. पेन्शनची फाईल अडकली तर कोणाले सांगू?" डेडस्टॉक म्हणजे जडवस्तूंची, टिकाऊ सामानाची नोंद; निर्लेखन म्हणजे त्यातून वस्तू कमी करणं. रजिस्टर उघडून त्यांनी पान माझ्यापुढं सरकवलं. एलईडी १००. जंपर वायर ६०. बीओ मोटर ८. पुढं माझ्या दानपत्राचा जावक क्रमांक.

रात्री गावातल्या एका घरी मुक्काम. भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा. जेवण अप्रतिम होतं, पण घास घशाखाली नीट उतरत नव्हता. यादी मीच केली होती. एकेक एलईडी मोजून, सही-शिक्क्यानिशी. मला तेव्हा तो काटेकोरपणा वाटला होता. खरं तर त्या पेटीला कुलूप त्याच कागदानं लावलं.

दिवस दुसरा : त्याच गावात

सकाळी परिपाठ झाल्यावर सहावी-सातवीची सव्वीस मुलं एका खोलीत बसवली. लॅपटॉप सुरू केले, बोर्ड जोडले, आणि पोर्टच दिसेना, म्हणजे लॅपटॉपला बोर्ड ओळखू येईना. चारही लॅपटॉपवर तेच. हे स्वस्तातले बोर्ड आहेत, त्यांच्यावर यूएसबीसाठी सीएच-३४० नावाची चिप असते आणि तिचा ड्रायव्हर, म्हणजे तिला लॅपटॉपशी जोडणारं सॉफ्टवेअर, वेगळा टाकावा लागतो. डिसेंबरमध्ये मी सगळे लॅपटॉप फॉरमॅट केले होते, त्यात तो पुसला गेला. पेनड्राइव्हवर घ्यायला हवा होता, घेतला नाही. गावात नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीजवळ, तेही बोलण्यापुरतं. माझा विद्यार्थी एका शिक्षकांच्या मोटरसायकलवर बसून कळंबला निघाला. म्हणजे दोन तास गेले.

मुलं समोर बसलेली. सगळ्यांचे हात पाठीमागं. कुणी तसं सांगितलं नव्हतं, पण शाळेत महागाची वस्तू आली की हात मागं, हे या मुलांना पाठ आहे.

मी विचारलं, "एका हातावर किती मोजता येतात?"

"पाच!"

"एकतीस मोजून दाखवू?"

फरशीवर खडूनं पाच चौकोन काढले. एका बाईंनी डब्यातून मूठभर तूर आणून दिली. उजवीकडून पहिल्या चौकोनात एक दाणा, मग दोन, चार, आठ, सोळा. नियम एकच. चौकोन एकतर उघडा किंवा झाकलेला. एक ते एकतीस यांतला कुठलाही आकडा मागा, काही चौकोन उघडून तो बनतोच. तेरा? आठ, चार, एक. बावीस? सोळा, चार, दोन. पाच-सात मिनिटांत मुलं चौकोन सोडून बोटांवर आली. अंगठा एक, तर्जनी दोन, करंगळी सोळा. बोट उभं म्हणजे आहे, मिटलं म्हणजे नाही. संगणकाला एवढंच कळतं, आहे की नाही. बाकी सगळा पसारा त्यावरचा आहे, हे मी सांगितलं. पण त्याआधी त्यांच्या बोटांना ते कळलं होतं.

सातवीतली एक मुलगी खिडकीजवळ बसली होती. निळी रिबन, ओठ हलताहेत. बाकीचे बोटं मिटण्या-उघडण्याच्या खेळात असताना ती दुसऱ्या हातावर गेली होती. बत्तीस, चौसष्ट, एकशे अठ्ठावीस. मी जवळ गेले तर तिनं विचारलं, "मॅडम, सगळे मिळून पुढच्यापेक्षा एकानंच कमी भरते न नेहमी? मंग दहा बोटांवर हजार तेवीस झाले." तिनं दोन्ही हात वर केले, दहाही बोटं ताठ. मी तिला मांडणी विचारली. दहावं बोट पाचशे बारा, पुढचं असतं तर हजार चोवीस, त्यातून एक वजा. बेरीज केलीच नव्हती तिनं.

याच गडबडीत फरशीवर लिहिताना एका मुलाच्या हातून खडू तुटला. त्यानं तुकडा खिडकीबाहेर टाकला आणि डब्यातून दुसरा घेतला. सर दारातच उभे होते, त्यांनी पाहिलं आणि काही म्हटलं नाही. का म्हणतील? खडू तुटायचाच. खडूचा हिशेब पेटीनं होतो, तुकड्यानं नाही.

कालपासून मला जे सापडत नव्हतं ते तिथं सापडलं.

ड्रायव्हर आला, पण मी बोर्ड लगेच हातात दिले नाहीत. आधी नऊ व्होल्टची बॅटरी आणि एक लाल एलईडी घेतला आणि मुलांदेखत तो थेट बॅटरीला लावला. क्षणभर लख्ख पेटला, टिक् असा आवाज झाला, जळका वास आला, आणि विझला. खोली एकदम चिडीचूप. एक मुलगा हळूच म्हणाला, "आता ह्याचे पैसे?"

"दीड रुपया. माझे गेले. आता प्रत्येक गटानं एकेक जाळा."

विश्वास बसायला वेळ लागला. मग सहा गटांनी सहा एलईडी जाळले. मी एक दोनशे पानी वही काढली. तारीख, काय गेलं, कशामुळं गेलं, असे तीन रकाने. सहाही ओळी मुलांनी आपल्या हातानं लिहिल्या. एकानं कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'जास्त करंट खाल्ला.' त्यानंतरच रेझिस्टर काढले. लाल, लाल, चॉकलेटी पट्टे म्हणजे दोनशे वीस ओहम. हा मधे आला की एलईडी का वाचतो, हे समजावायला मला एक वाक्य पुरलं, कारण प्रश्न त्यांच्याकडे आधीच होता. दुपारच्या खिचडीपर्यंत बोर्डावरचे दिवे लुकलुकायला लागले. लाईन गेली तेव्हा बोर्ड पॉवर बँकेला लावले आणि ते जिथं सोडलं होतं तेच काम करू लागले. प्रोग्राम बोर्डाच्या पोटात राहतो, लाईन गेली म्हणून पुसला जात नाही, याचं मुलांना फार अप्रूप वाटलं.

संध्याकाळी सरांबरोबर बसून दानपत्र नव्यानं लिहिलं. लॅपटॉप आणि बोर्ड जडवस्तूंत. एलईडी, वायरी, रेझिस्टर, मोटरी, बॅटऱ्या, सेन्सर हे सगळं खपाचं सामान, खडू आणि डस्टरसारखं. वापरात संपेल, परत मागायचं नाही. सरांनी केंद्रप्रमुखांना फोन लावून मजकूर वाचून दाखवला. तिकडून होकार आला. सरांनी चष्मा काढून पुसला आणि जुन्या पेटीची टेप स्वतः ब्लेडनं कापली.

दिवस तिसरा : गव्हाच्या शेतात

निळ्या रिबनवाल्या मुलीच्या वडिलांची भेट काल रात्री झाली. ते गव्हाला पाणी द्यायला निघाले होते. या भागात शेतीची लाईन पाळीनं येते, आणि रात्रीची पाळी आली की शेतकऱ्याला रात्रीच ओलीत करावं लागतं. पंपाला ऑटो बसवलेला आहे, लाईन आली की मोटर आपोआप सुरू होते. अडचण वेगळीच. शेतात लांबट वाफे असतात, त्यांना सारे म्हणतात. "मोटर सुरू व्हायची चिंता नाई मॅडम. पाणी साऱ्याच्या टोकाले पोचलं का नाई, हे पाहाले उठा लागते. अंधारात, रानडुकराचा भेव. रोही तं उभाच राह्यते धुऱ्यावर." रोही म्हणजे नीलगाय, धुरा म्हणजे बांध. मुलीनं हे रोज ऐकलेलं. सकाळी शाळेत आली तीच प्रश्न घेऊन. पाणी आलं हे बोर्डाला कसं कळेल?

दोन खिळे, मी म्हटलं. एक खिळा बोर्डाच्या ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला. दुसरा दहा किलोओहमच्या रेझिस्टरमधून पाच व्होल्टला, आणि त्याच जागेवरून एक वायर मोजणीच्या पिनला. दोन्ही खिळे मातीत रोवायचे. ओली माती वीज जाऊ देते, आकडा उतरतो. कोरडी अडवते, आकडा चढतो.

शाळेमागच्या गवारीच्या वाफ्यात खिळे रोवले. आकडा सहाशेच्या आसपास. छान. तेवढ्यात एकदम वर गेला आणि तिथंच गोठला. मी वायर हलवली, जोड बदलला, दुसरा बोर्ड लावला. तसाच. वीस मिनिटं गेली. माझी खात्री की जंपर वायर आतून तुटली आहे, त्या तुटतातच.

ती मुलगी स्क्रीनकडं पाहत होती. तिनं दोन्ही हात वर केले, दहाही बोटं ताठ.

स्क्रीनवर १०२३ होतं.

"पूर्ण भरलं म्हणजे पुढं जागाच नाई," ती म्हणाली, आणि वाकून तिनं खिळ्याजवळचं ढेकूळ हातानं बाजूला केलं. खिळा मातीत नव्हताच. काळ्या मातीला वाळताना भेग पडली होती आणि खिळा त्या भेगेत, हवेत, लोंबत होता. "आमच्या वावरात तं पाय जाते इतक्या भेगा पडते. खिळा सरळ नाई ठोकाचा, तिरपा ठोकाचा."

आर्डुइनोचा आकडा शून्य ते १०२३ असाच का असतो, हे मी कॉलेजात दहा बिट, दोनचा दहावा घात असं फळ्यावर लिहून शिकवते. मुलं लिहून घेतात. त्या आकड्याला बोटं आहेत आणि त्या मातीला भेगा आहेत, हे एका मुलीनं एका श्वासात जोडलं. मी तिला जवळ घेतलं. मला राहवलंच नाही.

दुपारी वर्ग शेतात. साऱ्याच्या टोकाला दोन खिळे तिरपे, तिथून जुनी टेलिफोनची वायर झोपडीपर्यंत. ती वायर गावातल्याच एका दुकानदारानं दिली. झोपडीत बोर्ड आणि बझर. प्रोग्राम चारच ओळींचा: आकडा वाच, चारशेच्या खाली आला तर वाजव, नाहीतर गप्प राहा, पुन्हा पहिल्यापासून. खिळ्यांत सतत वीज सोडली की ते काळे पडून कुजतात, म्हणून मोजताना तेवढीच सोडायची, ही एक ओळ माझ्या विद्यार्थ्यानं वाढवून दिली. चारशे हा आकडा मुलांनी ओल्या मातीवर तीनदा मोजून ठरवला.

पाणी दांडातून साऱ्यात शिरलं. सगळी मुलं धुऱ्यावर रांगेत. पाणी पुढं सरकतंय, माती ते पितेय, पुन्हा सरकतंय. मी हातातल्या घड्याळाकडं पाहत नव्हते, पण पंधरा मिनिटं सहज गेली असतील, आणि एकाही मुलाची नजर हलली नाही. बझर वाजला तेव्हा वडील झोपडीतून बाहेर आले, साऱ्याच्या टोकापर्यंत चालत गेले, पाण्यात पाय घालून उभे राहिले आणि परत आले. "बराबर हाय," म्हणाले. एवढंच. पण बझर त्या रात्री त्यांनी तिथंच ठेवून घेतला.

दिवस चौथा : कोलाम पोड, आणि लांबचा रस्ता

सकाळी जवळच्या एका कोलाम पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, तासभर. चौथीपर्यंतची द्विशिक्षकी शाळा. कोलामी ही द्रविड कुळातली भाषा, मराठीपासून पार वेगळी, त्यामुळे पहिलीतली लेकरं शाळेतच मराठीशी तोंडओळख करून घेत असतात. इथं मी लॅपटॉप गाडीतून काढलाच नाही. वाचता येण्याआधी कोडिंग शिकवण्याची घाई मला पटत नाही, आणि हे मी देणगीदारांनाही स्पष्ट सांगते. फक्त मोटर, दोन सेल, कागदाचा पंखा. एका पोरानं वायरी उलट लावल्या तर पंखा उलटा फिरला, आणि मग प्रत्येकाला तो आपल्या हातानं उलटा फिरवून पाहायचा होता. तास त्यातच संपला.

मग यवतमाळ, नेर, अमरावती, परतवाडा. गाडीत आम्ही दोघं बराच वेळ वाद घालत होतो. २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब आल्या, म्हणजे शाळेत मुलांनी स्वतः वस्तू करून पाहायच्या केंद्र सरकारच्या प्रयोगशाळा. एका शाळेला वीस लाखांपर्यंत मदत, सहावी ते बारावीसाठी. २०२०च्या शैक्षणिक धोरणानं माध्यमिकच्या आधीच, सहावीपासून, कोडिंगची सोय सांगितली. माझ्या विद्यार्थ्याचं म्हणणं, या लॅब वाढल्या की आपल्यासारख्यांची गरज उरणार नाही. वाढाव्यात, मनापासून वाटतं. पण वीस लाखांची लॅब असो की आमची चार हजारांची पेटी, शिक्षकाच्या मनातली भीती तीच. वस्तू जितकी महाग तितकं कुलूप मोठं. प्रशिक्षणात शिक्षकांना कोड लिहायला शिकवतात. फुटलेली वस्तू रजिस्टरमध्ये कशी खर्ची टाकायची, हे कुणी शिकवत नाही. माझ्या हाती असतं तर पहिला तास त्याचाच ठेवला असता.

परतवाड्यात गरम आलूबोंडे खाल्ले आणि झोपलो.

दिवस पाचवा : मेळघाट

परतवाडा मागं टाकून घाट चढलो. साग, बांबू, वळणावर माकडं, आणि मोबाइलवरच्या रेघा एकेक करून गेल्या. सेमाडोहला सिपना नदी ओलांडून आत वळलो. गाव पूर्ण कोरकू आदिवासींचं. शाळेच्या छपरावर सोलर पॅनल, म्हणून दिवसा लॅपटॉपची चिंता नव्हती. ड्रायव्हर आता दोन पेनड्राइव्हवर होता.

पटावर जितकी नावं, त्याच्या निम्मीच मुलं समोर. दिवाळीनंतर इथली कुटुंबं कामाला खाली सपाटीवर उतरतात आणि होळीला परततात, लेकरंही बरोबर जातात. शिक्षक तरुण आहेत, अचलपूरकडचे. सहा वर्षांत कोरकू शिकले आहेत. रिकाम्या जागांकडं हात करून म्हणाले, "होळीनंतर हे सगळं परत एकदा पहिल्यापासून घ्यावं लागेल मॅडम. तोवर पेटीत काही शिल्लक राहिलं पाहिजे." त्यांचा प्रश्न कळंबच्या सरांच्या अगदी उलट होता. तिथं पेटी उघडत नव्हती, इथं ती संपून जायची काळजी. एका मुलीनं त्यावर आपला तोडगा काढला. तिच्या बाकावरची मैत्रीण वीटभट्टीवर गेली आहे. तिच्यासाठी एक बोर्ड आणि पाच एलईडी तिनं रुमालात बांधून कपाटात ठेवायला दिले. वर चिठ्ठी, मैत्रिणीच्या नावाची.

आज अल्ट्रासॉनिक सेन्सर. दोन डोळे असल्यासारखा दिसतो. एक डोळा ४०,००० हर्ट्‌झचा आवाज सोडतो, जो आपल्या कानाला ऐकू येत नाही, दुसरा त्याचा प्रतिध्वनी पकडतो. जाऊन-येऊन किती वेळ लागला त्यावरून अंतर. दर सेंटिमीटरला साधारण अठ्ठावन्न मायक्रोसेकंद. वटवाघूळ असंच करतं, हे सरांनी कोरकूत सांगितलं आणि मागच्या रांगेतून लगेच दोन-तीन हात वर आले. रात्री मोहाच्या झाडाखाली वटवाघळं कशी अंगावर येता येता वळतात, हे त्यांना मला सांगायचं होतं.

दोन मोटरी, दोन चाकं, पुढं एक फिरकं चाक, आणि वर हा सेन्सर. समोर काही आलं की वीस सेंटिमीटरवर गाडी थांबली पाहिजे. भिंतीपाशी थांबली. खुर्चीपाशी थांबली. मग एक छोटा मुलगा गाडीसमोर उकिडवा बसला आणि गाडी सरळ त्याच्या पोटावर जाऊन आदळली. पुन्हा केलं, पुन्हा आदळली. दुसरा बसला, थांबली. पहिला रडवेला झाला. गाडीला तोच कसा दिसत नाही?

मला कारण माहीत होतं, पण मी तोंड मिटून राहिले. मोठी मुलं त्याच्याभोवती जमली, कोरकूत चर्चा. मोजणी सुरू झाली, मिया, बारी, करत त्यांनी सहा-सात वेळा गाडी सोडली. कुणीतरी त्याला उठवून दुसऱ्याला बसवलं, कुणी त्याची जागा बदलली. शेवटी एका मुलीनं त्याचा स्वेटर ओढून काढला. जाड, लोकरीचा, दोन मापं मोठा. गाडी थांबली. मग तिनं स्वेटर परत घालून त्याच्या छातीशी पाटी धरली. गाडी थांबली. पाटी काढली, गाडी आदळली.

"आवाज स्वेटरनं पिऊन घेतला," सरांनी तिचं वाक्य मला मराठीत सांगितलं.

एका तासात एवढं मला पुरेसं होतं. तिथून पुढं प्रोग्राम त्यांनी बदलला, मी बदलला नाही. सेन्सरनं सलग तीनदा उलटसुलट आकडा दिला तर गाडीनं समोर काही नाही असं न मानता थांबायचं. जे नीट ऐकू आलं नाही त्याला रिकामं समजायचं नाही, हे त्यांनी चार जणांच्या वादातून ठरवलं.

संध्याकाळी मोटरींना वीज पुरवणारं मोटर ड्रायव्हरचं एक कार्ड गेलं. बॅटरी उलटी जोडली गेली, धूर निघाला. मुलांनी माझ्याकडं पाहिलंच नाही, सरळ वहीकडं धावले.

दिवस सहावा : परत

सकाळी निघण्याआधी सरांनी सामान नोंदवलं. मी कळंबची हकिकत त्यांना सांगायच्या आधीच ते रजिस्टर घेऊन बसले होते. मी खांद्यावरून पाहिलं. खपाच्या सामानाच्या पानावर, खडू चार पेट्या, त्याखाली डस्टर दोन, त्याखाली त्यांनी लिहिलं, एलईडी.

घाट उतरताना फोनला रेंज आली आणि लागलीच तो वाजला. कळंबचे मुख्याध्यापक.

"मॅडम, तीन एलईडी अन् एक मोटर गेली काल. वहीत लिहून ठेवलं पोट्ट्यांनी. इकडं रजिस्टरले काय लिहू?"

"खर्ची टाका सर."

"टाकली. तुमाले सांगाव म्हणून फोन केला." त्यांचा आवाज दोन दिवसांत मोकळा झाला होता. "सरकी काढाची मशीन करून राह्यले होते पोट्टे. दोन लाकडी रूळ, त्याले मोटर. कापूस घातला, तं तो सगळा मोटरच्या दांडीलेच गुंडाळला न. फिरता फिरता अडकली, अन् गेली."

मी गाडी बाजूला घ्यायला सांगितली. "सर, गिअरचे दात गेले का आतली कॉइल जळाली?"

"थांबा," सर म्हणाले, "खोलून ठेवली आहे त्याईनं. विचारून सांगतो." आणि फोन तसाच हातात धरून ते वर्गाकडं चालू लागले.